म्हातारीच्या हातातला कागद

गंगाखेड, ता. ९ फेब्रुवारी १९८८

उत्तमच्या आईस सटवाजीचा जयभीम.

मी नीट पोचलो. गुडघा बरा आहे, जिना चढतानाच तेवढा कुरकुरतो. आपल्या उत्तमला खाकी शोभते. ठाण्यात त्याला तक्रारी लिहायला बसवलं आहे.

काल मी त्याचा डबा घेऊन गेलो. एक म्हातारी शेळी चोरीला गेली म्हणून आली होती. उत्तमने तिचं सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "मावशी, बराबर हाय का? चुकलं असंल तर सांगा." तिने अंगठा दिला. मग त्याने एक कागद तिच्या हातात ठेवला.

आपलं घर जळालं त्या साली ठाण्यातून आपल्या तक्रारीचा कागद न नोंदवता असाच हातात परत आला होता ना? मी उठूनच बोललो, "लेकरा, गरिबाचा कागद वापस करायलास?"

सगळे हसले. म्हातारी म्हणाली, "बसा की दादा, ही नक्कल हाय. असल तुमच्या लेकापाशी हाय."

उत्तम हसला नाही. "बाबा, नक्कल फुकट द्यायची, असा कायदाच हाय."

वरचे त्याला असंच वागू देतील ना, एवढीच काळजी वाटते. तू रात्री कडी लावतेस ना? शेळी आत बांध.

शेजारची कुसुम तुला पत्र वाचून दाखवील तेव्हा तिला एक शब्दही गाळू देऊ नको. मग कागद तुझ्याजवळच ठेव.

उत्तमचा बाप,
सटवाजी