कोरं आभाळ

३ ऑक्टोबर
निंबर्गा गावातल्या एका घरातलं चित्र फुकटात आणलं म्हणून बाजारभर सांगितलं. खरं काय पडलं: त्या घराला बदल्यात नवंकोरं लोखंडी कपाट, जीपचं भाडं, वर हिचा अबोला. कपाट हिनं स्वतःसाठी पसंत केलेलं. असू दे. चित्र अस्सल आहे, बीदरचा घुमट, त्याच गोऱ्या चिताऱ्याचा हात. आल्या मालाला कुंकवाचं बोट लावायची आपल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाची रीत, ती केली. ट्रंकेत घालून कुलूप.
आता येऊ दे हैदराबादचा रमणशेठ.

५ ऑक्टोबर
चिताऱ्याचं पहिलं चित्र शेठनं माझ्याकडनंच नेलं होतं. जुनं कॅलेंडर म्हणून, रद्दीच्या भावात. मग कमलनगरच्या स्टँडवर फोनवर हसायलाय, अन् मी पाठीमागं उभा. "लंडनला लिलावात जायलंय. गावठी अण्णाला पत्ता न्हाई."
कान तिखट आहेत माझे. हसून त्याच्या चहाचे पैसे मीच दिले. लई वर्षं झाली, तो चहा अजून घशात आहे.

९ ऑक्टोबर
कडगंचीच्या विद्यापीठातल्या बाईंना फोन. चिताऱ्याची हकीकत कळली. इंग्रजांच्या जमीन मोजणीच्या तुकडीबरोबर पोरवयात आला. तळ हलायच्या आत चित्र उरकायचं, म्हणून आभाळ कोरंच सोडायचा. तापानं हिकडंच गेला. चित्रं तंबू-भांड्यांबरोबर विकून त्या पैशात त्याला मूठमाती दिली. आता त्याच कोऱ्या आभाळावर लिलावात लोक मरायलेत.
शेठला निरोप धाडला, दुसरं सापडलंय.

१४ ऑक्टोबर
शेठचा फोन. आवाजात साखर. म्हणालो, "भावाचं मागनं बघू. आधी स्टँडवर, चहावाल्यासमोर, चार लोकांत म्हणायचं, अण्णाला मी फसवलं." मग, येतो म्हणाला.
हिला सांगितलं, माझ्या दुकानातनं माल जसा आला तसाच जातो, शेठसारखी भानगड न्हाई. ही म्हणाली, "कपाटाचं बघा की आधी."

१९ ऑक्टोबर
आला. वाळलाय. उन्हातल्या बाकावर मुद्दाम ताटकळत ठेवला. मग चहावाल्यासमोर, खाली बघत, सगळं म्हणाला. लोक हसले. जीव थंड झाला.
ग्लास ठेवून हळूच म्हणतो, "वो तस्वीर बिकीच नै अण्णा. लंडन से वापस आई. कोरे आसमान में लाल धब्बा, किसी की उंगली का. ये तो साफ है ना?"
सकाळी दाखवतो म्हणालो. लॉजवर पाठवला.
घरी येऊन ट्रंक उघडली. घुमटाच्या वर, डावीकडं, माझं बोट आहे.