दहा गुणांचा पक्षी

आदरणीय वन्सं,

नमस्कार. तुमच्याकडे सगळे बरे असतील अशी आशा आहे. तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते कळवा. मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं, कारण तो फोन आईंनी उचलला, तुम्ही लगेच मला बोलवायला सांगितलंत, मी आंघोळीला गेले होते, आणि मग तो तसाच ठेवला गेला. इकडे तुमचे बंधू बरे आहेत. आईही बऱ्या आहेत, आणि त्याचा त्रास इकडे बऱ्याच लोकांना होतो आहे. मी बरी आहे. पत्र लिहायची मला सवय नाही (प्रयोगशाळेत दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिते, तिथे नाव, वय आणि तारीख याच्या पुढे जायची वेळ येत नाही), तेव्हा मजकूर भरकटला तर सांभाळून घ्या.

बाबांच्या तेराव्यानंतर तुम्ही परत गेल्यावर इथे जे झालं ते कुणी तुम्हाला नीट सांगितलं नसेल. बाबांच्या पक्षीमंडळाची वर्षाची स्पर्धा तुम्हाला माहीत आहेच, तरी नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिल्या जानेवारीला सगळे शून्यावर येतात. मग वर्षभरात जो पक्षी दिसेल त्याचे गुण. रोजच्या पाखराला एक, कधीमधी दिसणाऱ्याला तीन आणि क्वचितच येणाऱ्याला दहा. दहाच्या पक्ष्याला मात्र दुसरा साक्षीदार लागतो, नाहीतर मंडळ त्याला पक्षी मानत नाही, इच्छा मानतं (हे वाक्य मंडळाचे चिटणीस शिंपीदादा यांचं). गुणांचा फळा त्यांच्याच दुकानाच्या माडीवर आहे, लोक शिवायला टाकून न्यायला विसरलेल्या पँटींच्या रांगेमागे. जिंकणाऱ्याने बाकीच्यांना चहा पाजायचा, एवढंच बक्षीस, म्हणजे जिंकलेलं महागच पडतं. दरवर्षी पहिले दंतवैद्य आणि दुसरे आपले बाबा. मंडळात सगळे मिळून सातजण, त्यामुळे दुसरा नंबर वाईट नाही असं मी एकदा बाबांना म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

आणखी एक नियम असा, की सभासद मध्येच आडवा पडला तर त्याच्या घरातल्या कुणीही त्याचं वर्ष पुरं करावं. शिंपीदादांचा पाय मोडला तेव्हा तो केलेला. कुणी इतकं आडवं पडेल असं त्यात धरलेलं नव्हतं. त्यामुळे ऑगस्टअखेरीस शिंपीदादा आपल्या दारात येऊन चपलांकडे बघत उभे राहिले आणि फळ्यावरचं बाबांचं नाव पुसू का म्हणून मला विचारलं. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात आतून आई म्हणाल्या, “हात लावून तर बघा. मी आहे ना.”

वन्सं, ज्यांनी जन्मभर त्या दुर्बिणीला सवत म्हटलं, त्याच आई दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर जायचे चांगले कपडे घालून, नाकाला रुमाल लावून शहराबाहेरच्या सांडपाण्याच्या तळ्यावर हजर झाल्या. (पक्षी तिथेच जास्त येतात. वासाचं त्यांना काही नसतं असं दिसतं.) मला रजा टाकून बरोबर जावं लागलं. दुर्बिणीचा पट्टा बाबांच्या उंचीचा होता. तो आखूड करून देते म्हटलं तर आईंनी माझा हात झटकला. तेव्हापासून ती दुर्बीण त्यांच्या पोटावर आपटते आणि डोळ्यांशी न्यायला वेळ लागतो, तोवर पक्षी उडून जातो. मग उडालेल्या पक्ष्याला त्या जे बोलतात ते इथे लिहीत नाही.

खरी पंचाईत नावांची झाली. आईंना चिमणीपुढे कुठला पक्षी ओळखता येत नाही, पण माणसं पक्की ओळखता येतात. पहिल्याच रविवारी माडीवर जाऊन त्यांनी शिंपीदादांना सांगितलं, की आज आमचे धाकटे दीर दिसले. पाण्यावर तरंगत होते, काम निघालंसं वाटलं की बुडी मारून दिसेनासे व्हायचे आणि निस्तरल्यावर भलतीकडेच वर यायचे. शिंपीदादांनी क्षणभर विचार करून टिबुकली लिहिली. (काकांची पँट गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे लटकते आहे, त्यामुळे त्यांना वेळ लागला नाही.) मग थोरल्या आत्या दिसल्या, म्हणजे कुणी पाऊल टाकायच्या आधीच आरडाओरडा करून सगळ्यांना जागं करणारी टिटवी. तुमच्या मावशींचे यजमान दिसले, नुसते पाय आणि वर उगाच ठेवल्यासारखं अंग, तो शेकाट्या निघाला. शिंपीदादांनी सगळ्यांची मापं घेतलेली असल्यामुळे एकही गुण चुकला नाही. फक्त एकदा आई म्हणाल्या की एक पक्षी थेट सूनबाईसारखा होता, कोपऱ्यात बसून होता, आवाज नाही, बघतो मात्र सगळं. तो कोणता हे अजून ठरलेलं नाही. मी विचारलं नाही.

फजितीही झाल्या. साबणाच्या कारखान्याच्या छपरावर आईंना घुबड दिसलं. दहा गुण, साक्षीदार मी. दोन सकाळी आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या होतो. आई त्याच्या शांतपणाचं कौतुक करत होत्या, आपल्या घरात असा एक जरी पुरुष असता तर म्हणत होत्या. तिसऱ्या सकाळी एक कबुतर येऊन त्याच्या डोक्यावर बसलं आणि ते तरीही शांतच राहिलं. पहारेकरी म्हणाला की कबुतरांनी भ्यावं म्हणून मालकांनी ते प्लास्टिकचं आणून बसवलं आहे. आईंनी परतताना पहारेकऱ्यालाच दोष दिला, कबुतरं भीत नाहीत तर ते वेळीच काढून का टाकलं नाही म्हणून.

हे सगळं चालू असताना बाबांचे गुण वाढत होते आणि दंतवैद्यांचे थांबले होते. दर रविवारी ते म्हणायचे, “या आठवड्यात काही नाही.” आईंना आधी बरं वाटलं. मग एके दिवशी आईंनी दंतवैद्यांना तळ्याच्या बांधावर तुरेवाल्या हुदहुदकडे बराच वेळ दुर्बीण लावून बसलेलं पाहिलं आणि त्या रविवारीही ते काही नाही म्हणाले. सोमवारी आई त्यांच्या दवाखान्यात गेल्या, दात दुखत नसताना नंबर लावला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. दंतवैद्य म्हणाले, तोंड उघडा. आई म्हणाल्या, “आज तुम्ही उघडायचं. किती पाखरं लपवलीत?”

दंतवैद्य म्हणाले, “वहिनी, एक वर्ष त्याचं जाऊ द्या.”

“ह्यांना हरायची सवय होती,” आई म्हणाल्या. “फुकटचं घ्यायची नव्हती.”

बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी हे ऐकलं आणि मला संध्याकाळी सांगितलं. दंतवैद्यांनी लपवलेले सगळे पक्षी त्या रविवारी फळ्यावर चढवले आणि पुढे निघून गेले. जिन्यातून खाली येताना आईंनी माझा दंड धरला होता. एरवी धरत नाहीत.

बाबांबद्दल मी वेगळं काय लिहू. आम्ही दोघंही कमी बोलणारे. सकाळी सगळे उठायच्या आधी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच चहा प्यायचो आणि ते एखाद्या पाखराचं नाव सांगायचे, “खंड्या,” किंवा “धोबी.” मी “बरं” म्हणायचे. आमचं बोलणं बहुतेक एवढंच. आता मी चहा बाहेर बसून घेते.

आता मुद्द्याचं. बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी इस्पितळातून शिंपीदादांना फोन केला होता. खिडकीसमोरच्या गच्चीच्या कठड्यावर दहाचा पक्षी दिसला, मुलगी शेजारीच होती, तिनेही पाहिला, नाव उद्या सांगतो, आत्ता नर्स रागावते आहे, असं म्हणाले. दुसरा दिवस तुम्हाला माहीतच आहे. शिंपीदादांनी बाबांच्या रकान्यात एक जागा मोकळी सोडून त्यापुढे दहा लिहून ठेवले. ते दहा धरले तर बाबा पहिले, नाही धरले तर दुसरे. साक्षीदार तुम्ही. तेव्हा तो कोणता पक्षी होता तेवढं दोन ओळीत कळवावं, अशी आईंची विनंती आहे. नाव माहीत नसलं तर रंग सांगितला तरी चालेल, किंवा नातेवाइकांपैकी कुणासारखा होता ते.

थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भावजय

ता. क. वर लिहिलं त्यात एक सांगायचं राहिलं. स्पर्धेचा निकाल जानेवारीच्या पहिल्याच रविवारी लागला. दंतवैद्य पहिले आले. त्यांनी चहा पाजला, तो आईंनी एक अक्षर न बोलता प्यायला आणि त्यामुळे सगळे घाबरले. फळा आईंनीच पुसला, बाबांची ओळ शेवटी. तेव्हा ते दहा गुण आता कुणालाच नको आहेत. तरी आई रोज मला विचारतात, तिचं काही आलं का.

पुन्हा ता. क. तुम्ही त्या वेळी खोलीत नव्हतात हे आईंना ठाऊक आहे. खाली औषधं आणायला गेला होतात, त्या तुम्हाला जिन्यातच भेटल्या होत्या. काल आम्ही दोघी चादरीची टोकं धरून घडी घालत होतो तेव्हा त्या मला म्हणाल्या, “पक्ष्याचं विचार. नुसतं ये म्हटलं तर ती येणार नाही.” हे तुम्हाला कळवायचं नाही असंही म्हणाल्या. मला फक्त एवढंच वाटतं, की बाबा खिडकीकडे तोंड करून तुमच्याशीच बोलत असतील आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नसेल. फोनवर ते “मुलगी शेजारीच होती” म्हणाले, म्हणजे त्यांच्यापुरत्या तुम्ही होतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून लिहिलं. पक्षी सुचला नाही तरी या.

हे शेवटचं आईंना दाखवलेलं नाही, म्हणून पाकीट घाईने चिकटवते आहे. पत्र स्वतः टाकायचं म्हणून त्या कधीच्या चपला घालून दारात उभ्या आहेत आणि पत्ता नीट लिहिलास ना, असं दुसऱ्यांदा विचारून झालं आहे.