एकोणतीस लाल फुल्या मागे घेण्याबाबत

कामोठे, बुधवार, सकाळ

आदरणीय दाजींना मेहुणा रावसाहेबचा सविनय जयभीम. तुमचा खोकला आणि ताईचे गुडघे या ओलीतही बरे असतील अशी आशा करतो. आम्ही ठीक. (विमल कालपासून माझ्याशी बोलत नाही, कारण पुढे येईल.)

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "तोंडी काय ऐकायचा नाय. लेखी द्या." तलाठी कचेरीत जन्म काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? म्हणून लेखी देतो.

जूनमध्ये मी पर्जन्यमापक घेतला, तो पावसाच्या अंदाजांची परीक्षा घ्यायला. रिटायर झालेल्या हेडक्लार्कला कुणाच्या तरी चुका काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, अंदाजाशेजारी लिहायचं, चुकला की लाल फुली. मापक गच्चीच्या मधोमध ठेवणार होतो, पण सोसायटीच्या सेक्रेटरी वैजयंतीबाईंनी वॉटरप्रूफिंगला ओरखडे पडतील म्हणून (भांडं अर्ध्या किलोचं!) टाकीमागचा कोपरा दिला. अर्ज मंजूर झाल्याच्या आनंदात मी तोही घेतला. बेचाळीस दिवसांत एकोणतीस फुल्या. हवामान खातं म्हणायचं अतिवृष्टी, माझ्याकडे वीस मिलिमीटर. तो तक्ता सही करून, खाली 'खरी प्रत' लिहून तुम्हाला पाठवला, तेव्हा माझी छाती केवढी फुगली होती!

परवा विमल एक सरळ काठाचं पातेलं गच्चीवर उघड्यावर विसरली. काल सकाळी त्यात सहज फूटपट्टी बुडवली. अकरा सेंटिमीटर, म्हणजे एकशे दहा मिलिमीटर. मापकात एकतीस. पाऊस पश्चिमेकडून येतो, दाजी, आणि माझा मापक जूनपासून टाकीच्या पूर्वेला आडोशाला बसलाय. अंदाज बरोबर होते. चूक माझी होती.

विमलने विचारलं, दाजींनी त्या तक्त्याचं काय केलं? सांगावं लागलं. डोंगराला भेग पडली म्हणून घरं सोडायची नोटीस घेऊन आलेल्या लोकांना तुम्ही दारावर लावलेला तो तक्ता दाखवून परत पाठवलंत, आणि तुमच्याकडे बघून आळीतली आणखी सात घरं थांबली. हे मी इथे सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं. आता मला भीती वाटते, दाजी.

सबब सदर तक्ता रद्द समजावा. एकोणतीसही फुल्या मी मागे घेतो.

तुमचा चुकलेला मेहुणा,
रावसाहेब (सही, तारखेसह)

ता.क. आज रात्रीपासून दोन दिवस रायगडला लाल इशारा आहे. या वेळी मी काही मोजणार नाही.

ता.क. २. दारावरचा तक्ता काढा, त्या जागी हे पत्र लावा. आळीने माझी सही पाहिली होती, माझी चूकही पाहू दे.

ता.क. ३. पत्र घेऊन आमची ईश्वरी आली आहे, ती मिनीबस घेऊन. आठही घरं मावतील. तुम्ही लेखी मागितलंत म्हणून एवढं लिहिलं. दाजी, अजून वाचताय? आधी आळीतली दारं वाजवा.