निवट्या आता बसतो

श्री. रामचंद्रशेठ, आमचे व्याही, मुक्काम पेण, यांस दिघीजवळच्या कोळीवाड्यातून सदा तांडेलाचा हात जोडून नमस्कार.

एकवीरा आईच्या कृपेने आम्ही इकडे सुखात आहोत. तिकडे तुम्ही, विहीणबाई सत्यवती, जावईबापू परेशराव, आमची कल्पिता आणि दोन्ही घरांची लाडकी भाविका अशी सगळी मंडळी मजेत असाल. तुमचा गुडघा आता कसा आहे? (तो कशाने दुखावला हे मी या पत्रात शक्यतो काढणार नाही, पण काढावं लागेल असं दिसतंय.) विहीणबाईंची साखर ताब्यात आहे ना? नव्या ट्रकचं पासिंग झालं का? इकडे कोळंबी बरी लागते आहे आणि डिझेलबद्दल तुम्हाला मी सांगावं असं काही नाही. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण मागे निवट्या एकदा जरी भुंकला तरी तुम्ही 'रेंज नाही, रेंज नाही' म्हणत फोन ठेवता. म्हणून आमची कारभारीण नीराबाई म्हणाली, कागदावर लिहा, कागद भुंकत नाही.

तर पत्राचं कारण तोच. आमचा कुत्रा. खाडीच्या चिखलात टुणटुण उडणारा निवटा मासा तुम्ही मिठागरावर लहानपणापासून बघितलाय. आमचं पिल्लू पण भेटेल त्याच्या अंगावर तशाच उड्या मारायचं, म्हणून त्याचं नाव निवट्या पडलं. पुढे पिल्लाचा कुत्रा झाला, पण उड्या पिल्लाच्याच राहिल्या. तसा त्याच्या पोटात काही वाईट नाही. पण गेल्या नारळी पुनवेला तुम्ही परत निघालात, नीराबाईने रिवाजाप्रमाणे सुक्या बोंबलांची पुडी तुमच्या हातात दिली, आणि निवट्याला तुमच्याबद्दल एकदम प्रेम वाटू लागलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही पळालात, म्हणून तो मागे लागला. तो मागे लागला, म्हणून तुम्ही आणखी पळालात. आणि शेवटी स्वतःच्याच टेम्पोच्या बॉनेटवर चढलात. आता मला कळतंय की ती पुडी तुम्ही नुसती खाली टाकली असती तर त्याने तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण तसं सांगणार कोण? घराने दिलेली पुडी पाहुण्याने जमिनीवर टाकायची, हे आमच्या वाड्यात कुणाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि ती टाकणं तुमच्या रक्तात नव्हतं. तुम्ही मानाने ती छातीशी धरून उभे राहिलात आणि अख्खा वाडा खाली उभा राहून ओरडत होता. (त्या ओरडण्याने काय बिघडलं, ते पुढे सांगतो.)

तेव्हा तुम्ही बॉनेटवरूनच जाहीर केलंत, "जवर ह्यो कुत्रा हाय तवर माझी नात हिकडं येनार न्हाय!" आणि शेठ, तुम्ही शब्दाचे पक्के. दिवाळीला भाविका आली नाही, शिमग्याला आली नाही. आजोळी लेकराचा पाय नाही म्हणजे काय असतं ते मी लिहीत बसत नाही. नीराबाईने तिच्यासाठी घेतलेला फ्रॉक आता तिला आखूड होईल, एवढंच सांगतो. म्हणून मी ठरवलं की कुत्र्याला वळण लावायचं, आणि श्रीवर्धनला प्राण्यांचे डॉक्टर आहेत, प्रज्योत नावाचे, कल्पितापेक्षाही लहान, त्यांच्याकडे निवट्याला घेऊन गेलो. लस टोचली, जंताचं औषध दिलं, आणि मग मी त्यांना आमची शिकवायची पद्धत दाखवली. म्हणजे मी ओरडलो. दवाखान्यातली दोन मांजरं कपाटामागे गेली. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही ओरडता तेव्हा त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. मग तो तुम्हाला साथ देतो."

आता तुम्हीच सांगा, कोळ्याला हळू बोल म्हणणं म्हणजे काय? आमचा सगळा जन्म इंजिनावर आवाज चढवण्यात गेला. आम्ही प्रेमाने जेवायला बोलावलं तरी शेजारची माणसं भांडण सोडवायला येतात. पण नातीसाठी म्हणून मी सुरू केलं. घरात शिरायचं ते हळू, बोलायचं ते हळू, निवट्या अंगावर आला की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, नुसती पाठ फिरवून उभं राहायचं. त्याचे चारी पाय जमिनीला टेकले की वळायचं आणि शाबासकी द्यायची. मी आपला किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभा, मागे कुत्रा उड्या मारतोय, आणि येणारा जाणारा विचारतोय की तांडेल कुणावर रुसला. घरात तर वेगळाच घोळ झाला. मी दोन-चार दिवस हळू बोललो तर नीराबाईचा चेहरा उतरत चालला. आधी तिला वाटलं मी होडी विकली. मग वाटलं मला काहीतरी मोठा आजार आहे आणि तो मी लपवतोय. एका दुपारी समोर येऊन बसली, "आवं, काय झायलंय तुमाला? गळ्यात काय अडकलंय का मनात?" मी हळूच म्हणालो, काही नाही. ते हळूच म्हटलेलं 'काही नाही' ऐकून तिने पदर डोळ्याला लावला. शेवटी मला माणसांच्या डॉक्टरकडे नेऊन, घसा दाखवून, सगळं ठीक असल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच ती पुन्हा माझ्यावर ओरडली, आणि मलाही बरं वाटलं.

समुद्रावर त्याहून वाईट. सवय अंगात मुरल्यामुळे मी होडीवरही हळूच सांगू लागलो. इंजिनाच्या आवाजात माझा शब्द कुणाच्या कानावर जाईना. जाळं टाकायची वेळ टळून गेली तरी आमचा खलाशी हिरामण तंबाखू मळत बसलेला. मग मीही त्याच्याकडे पाठ फिरवून उभा राहिलो. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि इतरांना म्हणाला, "तांडेलाला समुद्र लागला वाटतं." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं म्हणालं. तेव्हापासून मी नेम केलाय की होडीवर ओरडायचं आणि घरात कुजबुजायचं, आणि आता दोन्हीकडे बरं चाललंय.

गळ्यातल्या दोरीचंही असंच. मी होडीचीच दोरी बांधली होती, ती ओढली की आवळायची. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, गळ्याला नको, छातीला पट्टा घाला. पट्टा विकत कशाला आणायचा, हाताला जाळं विणायची सवय आहे, म्हणून मी निळ्या सुताचा पट्टा घरीच विणला. सुंदर झालाय. पण तो घालून पहिल्यांदा बाजारात नेला तेव्हा मासे विकायला बसलेल्या नलूने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "ह्यो कुटं घावला जाल्यात? किलोला काय भाव?" निवट्या मात्र तिथेच शेपूट हलवत उभा. त्याला वाटलं त्याचं कौतुक चाललंय.

शिकवायला खाऊ लागतो, हे तुम्हाला माहीत असेल. सांगितलेलं केलं की लगेच, तिथल्या तिथे, नखाएवढा तुकडा. माझी समजूत होती की सुकट द्यावी, आपल्याकडे तिला काय तोटा. डॉक्टर म्हणाले, मीठ नको, मसाला नको, काटा तर मुळीच नको. ताजा मासा नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून द्या. तेव्हापासून नीराबाई रोज सकाळी निवट्यासाठी मासा उकडते आणि चष्मा लावून एकेक काटा काढते. लग्नाला इतकी वर्षं झाली, शेठ, माझ्या ताटातला काटा तिने कधी काढला नाही. मी तसं बोललो तर म्हणाली, तुम्ही सांगितलं की बसता का?

बाकी जी पथ्यं मला कळली ती तुम्हालाही लिहितो, कारण ती ऐकून तुमच्या जिवाला थोडा धीर येईल. फेरीबोटीतून गाड्या उतरत असतात तेव्हा त्याला धक्क्यावर मोकळा सोडत नाही, पट्टा हातात असतो. उन्हाचं धक्क्याच्या सिमेंटवर आधी मी माझा तळवा टेकवून बघतो. मला सोसवलं नाही तर त्यालाही फिरायला नेत नाही. (या नियमाने हिरामणही दुपारी कामाला नाही म्हणू लागलाय.) खारं पाणी पिऊ नये म्हणून बाटलीत गोडं पाणी नेतो. ओहोटीला वाळूत फुगा मासा पडलेला असतो, तो विषारी. तुटके गळ असतात. त्याने तोंडात काही धरलं की ओढाओढ करत नाही, नाकाशी उकडलेला मासा धरतो आणि तो आपणहून सोडतो. तो जेवत असला किंवा झोपला असला की कुणी हात लावायचा नाही. (हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू करावा असं मी सुचवलं, पण ते मंजूर झालं नाही.) आणि सगळ्यात मोठं म्हणजे लहान मूल आणि कुत्रा, तो कितीही गुणी असो, दोघांनाच एकत्र ठेवायचं नाही; मध्ये मोठं माणूस हवंच. भाविका येईल तेव्हा ते माणूस मी असेन. त्या दिवसांत होडी पुतण्याकडे, अल्पेशकडे द्यायचं मी ठरवूनच टाकलंय.

आता परवाची गोष्ट ऐका. धक्क्यावर फेरीबोट लागली, तिच्यातून एक अनोळखी कुटुंब उतरलं, आणि त्यांची पोर, आपल्या भाविकाएवढीच, हातात बटाटावडा घेऊन सरळ निवट्याकडे धावत आली. मी पट्टा आखूड धरला. ओरडावंसं वाटलं, पण नाही ओरडलो. हळूच म्हणालो, बस. आणि शेठ, तो बसला. वडा त्याच्या नाकासमोर, लाळ गळतेय, सगळं अंग थरथरतंय, पण बसलेला. पोरीच्या आईने येऊन तिला उचललं आणि म्हणाली, किती शहाणा आहे हो तुमचा कुत्रा. मला भरून आलं. कल्पिता दहावी पास झाली तेव्हा असं वाटलं होतं. घरी येऊन सांगितलं तर नीराबाईने निवट्याला अख्खा मासा दिला आणि मला चहा.

म्हणून विनंती एवढीच की या मे महिन्यात भाविकाला आजोळी पाठवावं. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा तुमच्या व्याह्याचा शब्द आहे. विहीणबाईंना नीराबाईचा नमस्कार, परेशराव आणि कल्पिताला आशीर्वाद, भाविकाला तिच्या गालावर मावतील तेवढे पापे.

आपला व्याही,
सदा

ता. क. कुत्र्याचा तरीही राग असेल तर त्याला तेवढे दिवस म्हसळ्याला आमच्या मेव्हण्याकडे ठेवतो, असं मी इथे लिहिणार होतो. नीराबाईने वाचलं आणि म्हणाली की निवट्या कुठेही जाणार नाही, फार तर मला म्हसळ्याला पाठवता येईल. तेव्हा ते लिहिलं नाही असं समजावं.

दुसरा ता. क. निवट्या सगळं शिकला असं मी वर भासवलंय, पण एक धडा राहिलाय. घाबरलेलं माणूस समोर असताना शांत कसं बसायचं, हा. डॉक्टर म्हणतात त्यासाठी खरंच घाबरणारं माणूस लागतं. मी सगळा वाडा पालथा घातला, त्याला घाबरणारं एकही माणूस सापडलं नाही. माझ्या ओळखीत तुम्ही एकटेच आहात.

तिसरा ता. क. (हा विहीणबाईंना वाचून दाखवू नये.) पत्र लिहायला बसलो ते खरं तर यासाठीच, आणि इतकी पानं भरली तरी ते लिहायला हात धजत नव्हता. त्या पुनवेला भाविका नीराबाईच्या कडेवर होती आणि निवट्याच्या उड्यांना टाळ्या वाजवत होती. ती कुत्र्याला भ्यायली नाही, शेठ. आम्ही सगळे ओरडायला लागलो, तिने मान वर करून बॉनेटकडे बघितलं, तुमचा चेहरा दिसला, आणि तेव्हा ती रडली. आता कल्पिता सांगते की रस्त्यात कुत्रा दिसला की ती आधी तुमचा हात शोधते. मी इथे कितीही शहाणा कुत्रा तिच्यापुढे बसवला तरी ती घाबरायचं की नाही ते तुमच्याकडे बघूनच ठरवणार, कारण मी तिचा सुट्टीतला आजोबा आहे आणि तुम्ही रोजचे. म्हणून तिच्या आधी एकदा तुम्ही एकटेच या. सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने या, धक्क्यावर तेव्हा कुणी नसतं. पट्टा माझ्या हातात असेल, उकडलेला मासा तुमच्या हातात, आणि तुम्हाला कितीही वेळ लागला तरी मी ओरडणार नाही.