इंजेक्शनआधीची कुपी

३ मार्च, मंगळवार

फ्रीझरमधला बर्फ खरवडताना तळाशी एक कुपी सापडली. वर पेन्सिलीनं— 'ससा ४, इंजेक्शनआधी'. म्हणजे आमच्या सशाच्या रक्तातून काढलेलं अगदी पहिलं सीरम! नंतर सरांनी त्याला आमचं प्रथिन टोचलं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली, आणि त्यांच्याच जिवावर आमची प्रयोगशाळा सहा वर्षं चाललीय. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं हे प्रथिन ती शोधून देतात. फिल्मवर एक काळा पट्टा दिसतो, बस्स. माझा प्रबंध म्हणजे त्या पट्ट्यावरची दोनशे पानं.

तोंडी परीक्षेला तीन आठवडे. कुणी विचारलंच तर हाताशी असावं, म्हणून उद्या हे आधीचं सीरम लावून बघते. त्यात प्रतिपिंडंच नाहीत, पट्टा येणार नाहीच.

४ मार्च

पट्टा आला.

५ मार्च

परत केलं. सगळी द्रावणं नव्यानं बनवली. आला! तिथेच, तेवढाच काळा. म्हणजे हा पट्टा आणणारं काहीतरी टोचण्याआधीच सशाच्या रक्तात होतं! मग इतकी वर्षं आम्ही बघत होतो ते काय? भलतंच कुठलं तरी प्रथिन!

नवरा म्हणाला, "अगं, जेव तरी." मी ताट झाकून ठेवलं. "एका पट्ट्यापायी एवढं?" काय सांगू त्याला!

६ मार्च

सरांना दाखवलं. दोन्ही फिल्म उजेडाला धरून उभे राहिले. मग खुर्चीत मटकन बसले. "हे आधी कसं नाही बघितलं आपण?" मला वाटलं होतं, ओरडतील. मीच पाणी दिलं. ज्यांनी मला पिपेट धरायला शिकवलं, ते असे!

"तुझी परीक्षा होऊन जाऊ दे पोरी, मग बघू."

मी नाही म्हटलं. सरांना! माझाच आवाज मला ओळखू येईना.

फिल्म टेबलावर ठेवून म्हणाले, "बरं. या पट्ट्यावरचा आपला छापलेला लेख मागे घेऊ. मासिकाला लिही— चूक झाली, कुणाच्या लक्षात आली नाही."

जिन्यात रडले. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

९ मार्च, सोमवार

पत्र तयार. परीक्षा रद्द. आईला फोन केला. "म्हणजे नापास?" "नाही गं, परीक्षाच होणार नाहीये." "मग बरंय," म्हणाली! चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

सरांनी सही केली. माझी उद्या.

१० मार्च

पत्रात सीरम कधी काढलं ती तारीख हवी होती. सशांची देखभाल करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी वही उघडली, चष्मा पुसला.

"इंजेक्शनआधीचं होय? ते सरांनी तेव्हाच तपासलं होतं की, ताई. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, टाकून द्या. दोन कुप्या होत्या. एक राहिली वाटतं."