रिकाम्या खुर्चीला पाणी

४ मार्च, मंगळवार

आज मी रिकाम्या खुर्चीला पाणी विचारलं!

नुसतं विचारलं नाही, ग्लास भरून समोरच्या स्टुलावर ठेवला. वर टेबलफॅन तिच्याकडे वळवला. सतरा वर्षं हे काम करतेय मी. धन्य आहे!

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. कवळीवाली आली होती. (तिचं खरं नाव इथेही नको. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, म्हणून कवळीवाली.) अडतीस वर्षांची, हातात जादू, पण एक काम हातावेगळं होईल तर शपथ. एका आजींची कवळी सात वेळा तयार झाली आणि सातही वेळा हिनं परत घासायला घेतली. आजी तीन आठवडे सूपवर आहेत. लॅबच्या मालकानं सांगितलंय — महिनाअखेर कवळी गेली नाही तर तू दुसरीकडे बघ.

तिच्या डोक्यात तिची आई ठाण मांडून बसली आहे. "एवढंच? यात काय मोठंसं केलंस?" असं म्हणणारी. आमच्या स्कीमा थेरपीत, म्हणजे लहानपणी मनात बसलेले साचे बदलायच्या उपचारात, असा आवाज डोक्यातून काढून खुर्चीत बसवतात. आधी ती स्वतः त्या तिसऱ्या खुर्चीत बसून आईचं बोलणं बोलली. मग आपल्या जागी आली. आता पाळी माझी. त्या खुर्चीला ठणकावून सांगायचं — पुरे, हिच्याशी असं बोलायचं नाही. लहानपणी कुणीतरी बोलायला हवं होतं आणि बोललं नाही, ते.

मी काय बोलले? फॅन वळवला, पाणी ठेवलं, आणि म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे म्हणा. काळजीपोटीच बोलता तुम्ही…"

कवळीवाली बघतच राहिली. "मॅडम, तुम्ही तर तिच्याच पार्टीतल्या निघालात!"

हसली खरी, पण पर्स उचलली. पुढच्या मंगळवारची वेळ न घेता गेली.

क्लिनिकच्या नोकरीचा राजीनामा फेब्रुवारीपासून खणात लिहून ठेवलाय. थोरल्या बाईंना तेवढं माहीत आहे. त्यांनीच मला हे काम शिकवलं, अजूनही पंधरा दिवसांनी एकदा माझ्या केसेस ऐकतात. म्हणाल्या होत्या, "एकतीस मार्चपर्यंत हात लावू नकोस त्याला. मग दे खुशाल." आज वाटतं, कशाला थांबायचं?

५ मार्च

दोषवहीत कालची तीन पानं भरली. प्रत्येक सेशननंतर स्वतःच्या चुका लिहायची माझी वही — पाऊण तास, न चुकता. कवळीवालीचा फोन नाही.

७ मार्च, शुक्रवार

बाईंकडे गेले होते. बाई ऐकताना विणत असतात. सुया थांबल्या की समजायचं, आपण काहीतरी कामाचं बोललो.

सगळं सांगितलं. पाण्याच्या ग्लासापाशी सुया थांबल्या.

"खुर्चीत कोण होतं?"

"तिची आई."

"आणि पाणी कुणाला दिलंस?"

क्षणात कळलं. बाबांना.

बाबा बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर एकेक बेअरिंग उचलायचं आणि दोष शोधायचा. साडेपाचला घरी आले तरी हात थांबायचे नाहीत. फळीवरून बोट फिरवायचे, माझ्या वह्यांची कव्हरं बघायचे. "ठीक आहे. पण…" मी पाच वाजल्यापासून पाण्याचा ग्लास घेऊन पायरीवर बसायचे. आज चेहरा कसा आहे ते आधी कळावं म्हणून. पाणी पोटात गेलं की तो 'पण' जरा लहान येईल म्हणून.

"डोळे मीट," बाई म्हणाल्या. "काय दिसतंय?"

मी नऊ वर्षांची. शाळेसाठी काडेपेटीच्या काड्यांचं घर केलंय. अकरा दिवस खपून. बाबांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. "ठीक आहे. पण डावी भिंत दोन मिलिमीटर कललीये." मी घर मोडलं. नव्यानं बांधायला घेतलं, ते पुरं झालंच नाही. शाळेत हात हलवत गेले.

"आता मी त्या खोलीत येतेय," बाई म्हणाल्या. "आले. तुझ्या आणि त्यांच्या मधे उभी आहे." आणि मग त्यांच्या त्या खणखणीत आवाजात — "अहो साहेब, पट्टी खिशात घाला. पोर नऊ वर्षांची आहे. हे घर आहे, बेअरिंग नाही!"

मला आधी हसू फुटलं. मग जे रडू आलं ते थांबेचना. सदतीस वर्षांनी कुणीतरी माझी बाजू घेतली, तीही माझ्या मिटल्या डोळ्यांआड. आणि तरी ते खरं वाटलं. हे मी इतरांसोबत शेकडो वेळा केलंय, पण आतून असं असतं हे आज कळलं.

"हा तुझा साचा," बाईंनी परत विणायला घेतलं. "काम निर्दोष नसेल तर आपण कुणालाच नको. तिचाही साचा तोच. ती तुझ्यात एक मोठं माणूस शोधत होती, तू जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसलीस."

"म्हणजे मी या कामाच्या लायकीची नाही."

"म्हणजे तुलाही तेच औषध लागतं. थेरपिस्टला लागत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

८ मार्च

कवळीवालीला फोन केला. तिसऱ्यांदा उचलला.

"मागच्या वेळी माझी चूक झाली. त्या खुर्चीला मीच घाबरले. परत याल का?"

पलीकडून — "म्हणजे तुम्ही चुकलात, असं तुम्हीच म्हणताय?"

"हो."

"बरं. मग येते. बघायलाच येते!"

११ मार्च, मंगळवार

आली. पाच मिनिटं मला निरखत होती. म्हणाली, "आमच्या घरात मोठ्यांकडून चूक होतच नसे. झालीच तर ती माझी असायची."

साच्याचं सांगितलं. लगेच कळलं तिला, माझ्यापेक्षा लवकर. "आमच्यात साचा चुकला असेल तर दात कितीही घासा, कवळी बसत नाही. तोंडाचा साचा परत घ्यावा लागतो." मग स्वतःशीच, "मी उगाच दात घासत बसलेय."

तिला पर्समध्ये ठेवायला एक कार्ड लिहून दिलं. हात शिवशिवले की वाचायचं. 'आजींना परफेक्ट दात नकोत. आजींना दात हवेत.' लिहिताना एक शब्द खोडावा लागला. मी दुसरं कार्ड घ्यायला लागले तर तिनं हात धरला. "राहू द्या. खाडाखोडीसकट द्या."

दिलं. अंगावर काटा आला माझ्या. नुसत्या एका कार्डासाठी!

१६ मार्च, रविवार

बाबांकडे. दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. आई गेल्यापासून दर रविवारी माझी फेरी असते. अठ्ठ्याहत्तरीतही नजर तशीच. मी स्कूटर लावतेय तोवर गॅलरीतून — "ठीक आहे. पण आरसा सैल आहे."

गुपचूप घरी आले आणि आरसा आवळला. मग स्वतःवरच चिडले. सैल होता हेही खरंच!

१८ मार्च, मंगळवार

आज जमलं.

कवळीवाली तिसऱ्या खुर्चीत बसून आई झाली — "आठव्यांदा घास. लोक नावं ठेवतील." मग उठून आपल्या जागी आली, खांदे पाडून. मी खुर्चीकडे वळले.  फॅनला हात लावला नाही. पाणी दिलं नाही.

"पुरे आता. हात हिचे आहेत, काम हिचं आहे. ही दमून घरी येते, हिला कुणीतरी जेवलीस का विचारावं, एवढं तुम्हाला कधी सुचलं नाही. आज हिच्याशी मी बोलणार आहे. तुम्ही बाहेर बसा."

आणि मी खुर्ची उचलली! भलतीच जड. माझ्याच अंगठ्यावर आपटली. तरी लंगडत दार उघडलं, पॅसेजमध्ये नेऊन ठेवली, दार लावून घेतलं. कवळीवाली तोंडावर हात दाबून हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "शाळेत मला असंच वर्गाबाहेर काढायचे," म्हणाली. "आज पहिल्यांदा ती बाहेर गेली."

नंतर शेजारचा फिजिओथेरपिस्ट डोकावला. "खुर्ची बाहेर का?"

"शिक्षा झालीये."

"मग राहू द्या की तिथेच. माझ्या गुडघेवाल्यांना टेकायला बरी आहे."

राहिली.

२१ मार्च

बाईंनी दोषवहीचं विचारलं. मंगळवारपासून उघडलीच नाहीये. "ठरवलंस की विसरलीस?" विसरले! बाईंच्या सुया थांबल्या. राजीनाम्याचं मात्र त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. अजून दहा दिवस आहेत.

२३ मार्च, रविवार

बाबांना बोलले. 

चहा मी केला. त्यांनी कपाची कड बघितली, चमचा उजेडात धरला. "ठीक आहे. पण…" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, आज नुसता चहा पिऊ या. तपासणी नको."

भांडण नाही, आवाज चढवला नाही. बाईंनी सांगितलं होतं तसंच — लहान होऊन रडायचं नाही, मोठं होऊन फटकारायचं नाही, जे हवंय ते मागायचं. पण म्हाताऱ्या माणसाला असं बोलायचं, आणि तेही एकट्या राहणाऱ्या! बाबांनी चमचा खाली ठेवला.  निघताना गॅलरीत आले नाहीत.

रस्ताभर वाटत होतं, परत जावं, माफी मागावी. गेले नाही. वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. पण चूक केली असं वाटत नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं हे नवीनच.

२५ मार्च, मंगळवार

कवळीवालीनं आजींची कवळीच आणली होती! डबी माझ्या टेबलावर ठेवली. गुलाबी हिरड्या, ओळीनं दात. आम्ही दोघी त्या दातांकडे बघत बसलो, ते आमच्याकडे.

"मॅडम, काही दोष दिसतो?"

दिसला. तपासनिसाची मुलगी आहे मी! डावा सुळा केसभर पुढे होता. जिभेच्या टोकावर आलं होतं — ठीक आहे, पण. गिळलं.

"मी तपासायला नाही बसलेय. ही देऊन टाकायच्या विचारानं काय होतंय ते सांगा."

"पोटात गोळा येतो."

"किती मोठा?"

"अं… लिंबाएवढा. आधी कलिंगडाएवढा असायचा."

आज ढकललं नाही तिला. गोळ्यासकट बसलो दोघी. जाताना डबी पर्समध्ये टाकली, कार्डाशेजारी.

२८ मार्च

तिचा निरोप — "कवळी दिली. आजींनी काकडी खाल्ली. सुळा जरा पुढे आहे म्हणून जुन्या दातांसारखा दिसतो म्हणाल्या, आरसा सोडेनात. माझं काम टिकलं."

चार वेळा वाचला.

तरी राजीनामा फाडला नाही. एका काकडीवर किती भिस्त ठेवायची?

३१ मार्च, सोमवार

आज द्यायचा दिवस. सकाळीच खणातून काढून पाकिटात घातला. पाच वाजता शेवटचं सेशन संपलं. दार उघडलं तर पॅसेजमधल्या त्या खुर्चीत बाबा!

गुडघेवाल्यांच्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, तासभर बसलेत, आत कळवू नको म्हणाले.

"बाबा, इथे बाहेर कशाला बसलात?"

"तुझं काम चालू होतं." मग काठीकडे बघत म्हणाले, "तू अशीच बसायचीस. पायरीवर, ग्लास घेऊन. कारखान्यातून यायचो तेव्हा दिवसभरात तेवढंच एक बरं वाटायचं बघ. म्हणायचो, पोरीला माझी तहान कळते. त्या रविवारी तू बोललीस, तेव्हापासून डोक्यात आहे. घाबरून बसायचीस का गं?"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना तपासलं नाही. चेहरा कसा आहे बघितलंच नाही.

"हो बाबा."

बाबा काठी टेकत उठले, कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी गेले, ग्लास भरला. येताना अर्धा सांडला, बाहीही भिजली. माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभे राहिले.

सगळं पाणी प्यायले. पाकीट पर्समध्येच राहिलं. उद्या दहाला कवळीवाली आहे.