ओठामागची वाणीग्रंथी

३ जानेवारी १९७४, राजूर
तंबाखू सोडली. कायमची. बेबीनंदा माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली आहे. तंबाखू सुटल्याशिवाय परत येणार न्हाई, असं बजावून गेली. तिच्याशिवाय घर खायला उठतं. मन रमवायला संशोधन करणार : माणूस बोलताना जीभ, टाळू, घसा आत काय आकार घेतात, ते एक्स-रेने शोधायचं. आमच्या शाळेत हे अजून कुणी केलेलं नाही.

४ जानेवारी
सकाळी चिमूटभर घेतली. ही हिशेबात धरायची नाही. पोटासाठी होती.

७ जानेवारी
एसटीने जालना. दवाखान्यातले एक्स-रेवाले नजीरभाई जुने शेजारी. म्हणाले, गुरुजी, फोटोच्या टायमाला बिलकुल हलायचं न्हाई, अन् तुम्ही बोलायचं म्हणून राह्यले! मी तोडगा काढला. एकच 'आ' धरून ठेवला. बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले. तुलनेसाठी नजीरभाईंचाही 'आ' घेतला. बटण मी दाबलं.

८ जानेवारी
प्लेटा खिडकीत धरल्या. शोध लागला! माझ्या खालच्या ओठामागे बोराएवढी पांढरी गोळी आहे. नजीरभाईंच्या ओठामागे काहीच नाही. गॅदरिंगला भाषण दरवर्षी मीच का करतो, ते आज कळलं. नाव ठरवलं : वाणीग्रंथी.

९ जानेवारी, दुपार
नजीरभाई काही कामाने राजूरला आले होते. प्लेट पाहून खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, वहिनींला दाखवू नका. शुद्ध मत्सर! लगेच शाळेचा शिपाई कचरू याच्या हाती प्लेट पिंपळगावला धाडली. निरोप दिला : तंबाखू सुटली, तोंड आतून बघून खात्री कर. स्वतःचं तोंड आतून दाखवणारा नवरा कुणाला मिळतो?

११ जानेवारी
कचरू एकटाच परत आला.
बेबीनंदाने प्लेट उन्हात धरली म्हणे. शेजारणीही जमल्या. सासूबाई चांगुणाबाई स्वतः तंबाखू खातात. त्यांनी एकदाच बघितलं अन् म्हणाल्या, जावयानं चुना लई घातला, म्हणून गोळी एवढी उठून दिसून राह्यली.
बेबीनंदाचा निरोप : गोळी थुका, दुसरा फोटू काढा, मंग येते.

११ जानेवारी, रात्र
बेबीनंदाची फार आठवण आली. डोळ्यांत पाणी आलं. चूळ भरून ग्रंथी काढून टाकली.
जेवणानंतर पुन्हा उगवली.